पार मागच्या सीटपर्यंत

समुद्रपूरहून वर्ध्याला जाणाऱ्या खचाखच भरलेल्या मोटारीत माझ्यापुढे दोघी बसल्या होत्या. मांडीवर पवित्र शास्त्र घेतलेली तरुण रूथ आणि तिची आत्या.

"आत्याबाई, उद्या ईस्टर. भर चौकात मले शास्त्र वाचाचं हाय, अन् तुमी डुलक्या घेऊन राह्यल्या."

"जागीच हाय मी. पाळकसाहेब काय म्हनाले?"

"म्हनाले, आवाज पानठेल्यापर्यंत गेला तं तू वाच. नाई तं शांतवन मास्तर वाचतीन."

"मंग आता वाचून दाखव."

"इथं? लोक काय म्हनतीन?"

"उद्या चौकात काय कोंबड्या राह्यतीन? लोकच राह्यतीन ना. वाच."

"'तुम्ही येशूला शोधता...'"

"मलेच ऐकू नाई आलं, बाई. येशूच्या कबरेपासून बाया सांगत धावत आल्या, त्या काय अशा कुजबुजल्या असतीन? इंजिनाच्या वर काढ आवाज."

"'तो इथे नाही! तो उठला आहे!'"

मोटारीतल्या माना वळल्या. मग पार मागून, उभ्या गर्दीतून, एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

"कोन उठला वो बाई? जागा झाली असन तं मी येतो."

"आत्याबाई, ऐकलं? मागपर्यंत गेला."

"ऐकलं. या बाप्पा, बसा इथं. रूथ, तू उठ. उद्या बी उभ्यानंच वाचाचं हाय."