हाक मला आली होती

नाही नाही, बसा हो, तुमच्या बाई येतीलच — कोपऱ्यापर्यंतच गेल्यात, पण त्यांचा कोपरा म्हणजे तासाभराचा, वाटेत चार जुने विद्यार्थी भेटणार, सगळ्यांची चौकशी होणार. मी? मी त्यांचा नवरा. तर काय म्हणत होतात — तुम्हाला शिक्षिका व्हायचंय, आणि बाईंना विचारायचंय की त्यांना हे आतून कधी वाटलं? आतून! अहो, आतून वाटत होतं ते मला! सात वर्षांचा असल्यापासून. धाकट्या बहिणीला समोर बसवायचो, दारावर खडूनं पाढे लिहायचो, ती रडायची तरी सोडायचो नाही. दुसरं काही व्हावं असं कधी मनातच आलं नाही. पदवी घेतली, नोकरी लागली — तुमच्याच शाळेत, हो. आणि तुमच्या बाई तेव्हा कोण होत्या, ठाऊक आहे? ऑफिसात टायपिस्ट. दाखले टाइप करायच्या, आणि मुलांचा गोंगाट झाला की खिडकी लावून घ्यायच्या. शप्पथ!

माझा तिसरा दिवस. अपूर्णांक चालले होते. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, ‘सर, एक छेद तीन लहान कसं? तीन तर दोनपेक्षा मोठे ना?’ साधा प्रश्न. मी नियम सांगितला. तिला कळेना. मग तोच नियम, जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. पोर रडायला लागली, मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं, मग अख्खा वर्ग — मी डस्टर आपटला, कुणी भीक घालेना. आणि मी — काय सांगू — मी बाहेर पडलो. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा, खडू हातातच. तेवढ्यात ही आली, हजेरी न्यायला. माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि आत गेली. त्या मुलीला म्हणाली, ‘हा कागद दोघींत वाटून घ्या. आता हा दुसरा, तिघींत. कुणाला मोठा तुकडा मिळाला?’ बस्स! वर्ग चिडीचूप. मी बाहेरून ऐकत होतो — आणि खरं सांगू? मलासुद्धा तेव्हाच कळलं. पदवीवाल्याला!

हाक मला आली होती, उठून ती गेली.

मी राजीनामा दिला, हेडमास्तरांनी हिला ट्रेनिंगला पाठवलं, मी चष्म्याच्या दुकानात लागलो. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, हातात छडी, ‘वाचा पाहू शेवटची ओळ’ — तेवढीच माझी शाळा. लग्न? तिनंच विचारलं. कीव आली म्हणून की काय, ते मी नाही विचारलं. एवढंच विचारलं एकदा, तू त्या दिवशी आत का गेलीस? तर म्हणाली, ‘पोर रडत होती ना.’ एवढंच! मी तर त्या पोरीकडे पाहिलंच नव्हतं हो, मी फळ्याकडे पाहत होतो.

आता रोज कुणीतरी येतं — ‘बाई आहेत?’ माणूस समोर उभा आहे, तो कसा आहे हे विचारायची पद्धत नाही. काय? दोन पत्रं पाठवलीत, उत्तर नाही आलं? टपालाचं काय सांगावं हल्ली, पत्ता चुकला असेल — आणि वडील आता बरे आहेत ना, त्या ऑपरेशननंतर?

...

असं बघू नका. पत्रं कपाटात आहेत. तुमची दोन, दुसऱ्यांचीही आहेत, टाकलं नाही एकही. तिला ढिगानं येतात, मी त्यातली — सगळी नाही, काही. दुपारी वाचत बसतो. उत्तरंही लिहितो, नीट, चार-चार पानं; तुम्हालाही लिहिलंय, वर्गात पहिल्या दिवशी काय करावं ते. पाठवणार कसं? खाली सही कुणाची करू?

आल्या बघा. जिन्यात बोलतायत कुणाशी तरी. हे बघा, मी काही बोललो नाही आणि तुम्ही काही ऐकलं नाही — नाही, थांबा. सांगा. तुम्हीच सांगा त्यांना. मला समजावून सांगणं कधी जमलेलंच नाही.