नात्यातला नको म्हणे!

कुणी ऐकलं माझं? सांगा ना, कुणी ऐकलं? घसा कोरडा पडला सांगून सांगून, की बाबांनो, आपल्याला नात्याबाहेरचा माणूस मिळायचा नाय, तर सगळे हसले! सूनबाई म्हणतात, "आई, तुमचं काहीतरीच, एवढ्या मोठ्या भाईंदरात एक माणूस मिळणार नाय?" अगं भूमिके, भाईंदर असेल मोठं, पण तुझ्या सासऱ्याने सोडलंय कुठे!

तुम्हाला सांगते, आमची नात चांदणी, चार वर्षांची, तिला घालायची काशीमीऱ्याच्या त्या काचेच्या शाळेत. पोरगी हुशार हो, मिठागरात बगळे दिसले की मोजत बसते, बोलायला लागली की मला गप्प करते, मला! फी भरतो म्हटलं, परीक्षा घ्या म्हटलं, तर ऑफिसातली ती बाई मान वाकडी करून म्हणते कशी, "आजी, शिफारसपत्र लागेल. मुलीला जवळून ओळखणाऱ्याचं. पण नातेवाईक नको हं!" आता पोरीला जवळून ओळखणार कोण, रस्त्यावरचा रिक्षावाला? नात्यातला नको म्हणे!

बरं, बालवाडीच्या आशाबाई बघू. वर्षभर पोरीचं नाक पुसलंय त्यांनी. पण त्या माझ्या मावसबहिणीची सून! कुणी जमवलं? आमच्या ह्यांनी! मग डॉक्टर सुभाष. त्याला तर चांदणी दोनदा चावलीय, म्हणजे ओळख पक्की... पण तो माझा भाचेजावई! कुणी जमवलं? आमच्या ह्यांनीच! लोक सकाळी फिरायला जातात, हे स्थळं बघायला जातात. मयताला गेले तरी शेजारच्याला हळूच विचारतील, "धाकटीचं बघताय का कुठं?" माझा लेक जितेंद्र म्हणाला, नगरसेवकाकडून आणतो. अरे, त्याने पोरीला बघितलंय कधी? त्याला आपण बॅनरवर बघतो, तो आपल्याला कुठून बघणार? आणि असू दे, तो पण ह्यांच्या आतेभावाचा व्याही निघाला. नात्यातला नको म्हणे!

शेवटी डोक्यात उजेड पडला... आमचे किराणावाले धर्मेशभाई! गुजराती माणूस, ना सोयरा ना भाऊबंद! दुसऱ्या दिवशी शाळेची शेवटची तारीख, मी चपला न घालता धावले. धर्मेशभाई चष्मा पुसत म्हणाले, "बेन, बहु डाही छोकरी छे, बहुत समझदार! एक बार मैंने चॉकलेट जास्ती दे दिया, तो वापस लेके आयी. ऐसी छोकरी के लिए नहीं लिखूंगा तो किसके लिए लिखूंगा?" आणि लिहिलं हो, पानभर लिहिलं! माझ्या डोळ्यांना पाणी... खाली फक्त सही राहिली होती, 'मी मुलीचा नातेवाईक नाही' ह्या ओळीखाली, पेन टेकलं होतं, आणि तेवढ्यात...

तेवढ्यात आमचे हे! इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स, दुकानात शिरतानाच ओरडले, "जमलं! धर्मेशभाई, तुमचा रोशन आणि आमची संचिता! तुमच्या घरून होकार घेऊनच येतोय!" संचिता म्हणजे माझ्या दिराची मुलगी. दोघांनी मिठ्या मारल्या, पेढा भरवला... आणि धर्मेशभाईंनी पेनला टोपण लावलं!

"बेन, अब तो हम समधी हो गये. भगवान के फोटो के सामने झूठा साइन कैसे करूं?"

अहो, हात जोडले मी! म्हटलं, भाई, आज साइन करो, कल समधी बनो! तर म्हणतात, "पेढा तो खा लिया ना, बेन." ह्यांना म्हटलं, एक दिवस दम निघाला नसता? तर हे बोटाचा पेढा चाटत म्हणतात, "शुभ कामाला कशाला थांबायचं? आणि काय गं... त्या ऑफिसातल्या बाईचं लग्न झालंय का?"

तारीख गेली. पोरगी नवं दप्तर पाठीला लावून दारात बसलीय, मला विचारते, "आजी, शाळेला मी का नको?" सूनबाईचे डोळे सुजलेत. गल्लीतला जो तो विचारतोय, पोरीची शाळा कुणी घालवली? लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय तोंडातून काढलं नाय हो मी... पण आता उखाणा पण नको न् लाज पण नको, ऐका सगळ्यांनी, कुणी घालवली ते...

बाळाराम!