तायडीने भरलेली प्रश्नावली

पंखा जोडायला शिडीवर चढलेल्या वायरमनला खालच्या बाकावरच्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकू येत होतं. धाकटी नोकरीच्या मुलाखतीला आली होती, थोरली सोबतीला.

"तायडे, तिसऱ्या कंपनीच्या स्वभावचाचणीचाही तोच निकाल. स्वभाव काळजीखोर."

"प्रश्न तेच असतील."

"छे गं! पहिलीकडे विचारलं, झोप लागते का. दुसरीकडे, कुणी बोललं तर किती दिवस मनात राहतं."

"पण तिसरीकडची प्रश्नावली तर तुझ्या नावाने मीच भरली होती!"

"म्हणून तर सांगतेय."

"म्हटलं, माझ्यासारखी बिनधास्त उत्तरं गेली की तुझं काम फत्ते."

"काय विचारलं होतं?"

"कुलूप लावून निघाल्यावर परत जाऊन बघता का."

"मग?"

"बघते म्हणून लिहिलं. सगळेच बघतात ना?"

"मला वाटायचं, घरात मी एकटीच घाबरट."

"आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. तुझ्यासमोर कशी घाबरणार होते मी?"

वायरमनचं काम झालं होतं, पण पंखा खडखडेल म्हणून त्याने बटण दाबलं नाही.

"आज कुलूप नीट लागलंय ना गं?" धाकटीने विचारलं.

"तू चपला घालत होतीस तेव्हा मी ओढून बघितलं."

"तू रिक्षा थांबवत होतीस तेव्हा मीही."