बिनपावडरचा पाहुणा

—मान सरळ ठेवा. सरळ म्हणजे सरळ हो, आरशात कशाला वाकून बघताय, चेहरा तुमचाच आहे, कुठं पळून नाही चाललाय. हां, असं. आणि ते सारखं घसा खाकरणं आधी बंद करा. पाठ केलंय ना सगळं? केलंच असणार. या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण पाठ करून येतो आणि दिव्यांखाली गेला की पहिलं वाक्यच विसरतो. सतरा वर्षं बघतेय मी. मोठमोठ्यांची तोंडं रंगवलीत या हातांनी, तुम्ही तर काय, बाळांच्या दुधाच्या डब्यांवर कागद चिकटवणारे— रागावलात? अहो, मीही तेच करते. तुम्ही डब्यावर, मी चेहऱ्यावर.

हे काय लावतेय? काही नाही, जरा ओलावा. चिकट लागेल, लागू दे. चमकतंय म्हणता? चमकणारच. पुसू नका! पुसलं की कातडी लाल होते, रडून आल्यासारखे दिसाल. ती डबी? ती पावडर तुमची नाही. ती पलीकडच्या खोलीतल्या साहेबांची, तुमच्या कंपनीचे ते गोरेगोमटे, गोड बोलणारे— हो, तेच, आज तुमच्यासमोर बसणार आहेत. त्यांना दोन हात पावडर, तुम्हाला एकही नाही. का म्हणजे? तसा निरोपच येतो वरून, रोज दुपारी, पाहुण्यांच्या नावांपुढे लिहून— याला पावडर, त्याला नको. आता विचारलंतच म्हणून सांगते, सांगू नये खरं तर— आत ते दिवे असतात ना, त्यांच्याखाली बिनपावडरचा माणूस पाच मिनिटांत घामाघूम होतो, त्यात हे ग्लिसरीन, म्हणजे बघायलाच नको, थेंब थेंब ओघळतात कपाळावरून. आणि घरी बसलेला माणूस काय ऐकतो हो? काही ऐकत नाही. बघतो. एक कोरडा ठणठणीत, एक घामानं निथळणारा. कोण खोटं बोलतंय ते त्याचं तोच ठरवतो. आपण कुठं काय म्हटलं? आपण कुण्णाला काही म्हटलेलं नाही.

बसा, बसा खाली. उठून जाताय? जा की, दार उघडंच आहे. मग तुमची रिकामी खुर्ची दाखवतील आणि आमच्या राणीसाहेब— चर्चा घेणाऱ्या बाई हो, आम्ही राणीसाहेबच म्हणतो— त्या गळा काढून सांगतील, आरोप करणारे गृहस्थ आले होते, पण आयत्या वेळी पळाले. मग? दुसऱ्या वाहिनीवर जाल? ती आमच्या मालकांच्या, म्हणजे तुमच्याही मालकांच्या, धाकट्या भावाची. पेपरात? जेवणाच्या डब्याखाली पसरता तो पेपरही यांचाच. दूध यांचं, ते पिऊन मोठं झाल्यावर शिकायला शाळा यांची, आणि दुधाबद्दल ओरडायला जागा, तीही यांचीच. भोळे आहात झालं. त्यांनी तुम्हाला आपणहून बोलावलं तेव्हाच कळायला हवं होतं.

मागं एक नर्सबाई आली होती, आठ महिने झाले असतील. अगदी हेच, बाळांचं दूध, जुने डबे, उलट्या, जुलाब. तिलाही असंच बसवलं होतं. बाई नीट बोलली हो, एक शब्द चुकला नाही, पण घाम असा, असा! मी घरी जाऊन ती चर्चा पुन्हा लागली तेव्हा बघितली— आणि गंमत ऐका, हे मीच लावलं होतं, या बोटांनी, तरी मला बघताना वाटलं, काय खोटारडी दिसते बाई! मला! मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात. दुसऱ्या दिवशी पोरंटोरं तिची नक्कल करत होती, कपाळ पुसत. नोकरी गेली तिची. पुढं काय झालं, कुणास ठाऊक. मी कशाला चौकशी करू?

तोंड मिटा, ओठांना लावायचंय. ... हं. बरं, एक विचारू का? सहजच आपलं. तो डबा ओळखायचा कसा? नाही म्हणजे, तुम्ही आत सांगणारच आहात, ऐकणार कुणी नाही, तर मला सांगा. बुडाशी? तारखेचा कागद... त्याच्या खाली दुसरी तारीख. म्हणजे मुदत संपून परत आलेला माल, त्याच्यावर तुम्ही नवा कागद लावायचा, आणि पुन्हा बाजारात. नखानं खरवडलं की निघतो? किती डबे लावलेत असे? दिवसाला नऊशे! आणि कळत नव्हतं तुम्हाला? कळत होतं. हं. आणि कामगारांना निम्म्या भावात मिळतात म्हणून त्यातलेच दोन बहिणीला नेऊन दिलेत. अरे देवा. म्हणजे कागदही तुम्ही चिकटवला आणि डबाही तुम्हीच पोचवलात, मामानं भाचीला भेट! किती महिन्यांची? चार. सलाइनवर आहे... डोळे उघडत नाही म्हणता. आता रडू नका, मी लावलेलं वाहून जाईल. घाम चालतो, डोळ्यांतलं पाणी चालत नाही, लोकांना दया येते.

मी का विचारतेय? असंच हो. माझ्या लेकीला मुलगी झालीय, दोन महिने झाले. इथं कामाला असणाऱ्यांना डबे फुकट येतात ना, दर महिन्याला सहा, फीत बांधून, अभिनंदनाचं कार्ड घालून. मी सगळे लेकीला देते. आमचे तसले नसणार. आपल्याच माणसांना कोण असं— आपल्याच... थांबा हं. एक मिनिट. फोन करते.

हॅलो, अगं मीच. झोपलीय का छकुली? बरं ऐक, तो दुधाचा डबा आण. आण म्हणते ना! उलटा कर. बुडाला कागद आहे? नखानं खरवड. खरवड गं, नेलपॉलिश गेलं तरी चालेल. काय आहे खाली? दुसरी तारीख?

भाऊ, ती पट्टी द्या जरा. तीच हो, मघापासून खिसा चाचपताय ती, चिकटवायच्या तारखांची. द्या, नुसते आकडे जुळतात का बघते, माझ्या नातीसाठी एवढं करा. देता ना? मोठं मन आहे तुमचं... हां, वाच गं. वरच्या कागदावरचा नंबर वाच. शेवटी चार, चार, नऊ? हो. हो, हाच. सगळे डबे बघ. तिसरा चालूय? कधीपासून? ... शी पातळ होतेय? परवापासून? आणि मला आत्ता सांगतेस! गाडी कर आणि डॉक्टरांकडे जा, आत्ताच्या आत्ता, मी आलेच इथलं आवरून. काय सांगू म्हणजे? जुलाब होतात म्हणून सांग. नाही, डबा नेऊ नकोस. दुधाचं नावही काढू नकोस त्यांच्यापुढं. का म्हणजे? जावईबापू कुठं नोकरीला आहेत? कुणी लावली ती नोकरी? मग! आणि उरलेले डबे फोडून मोरीत ओत. शेजारणीला दिलेत दोन? दिलेत तर दिलेत. तिला काही बोलायला जाऊ नकोस. तिचं ती बघेल. ठेव. ठेव म्हणते ना, रडत बसू नकोस, नीघ!

...

असं बघू नका माझ्याकडे.   तुम्हाला वाटलं, आता ही बाई पावडरची डबी उघडेल, पाठीवर हात ठेवेल, आणि आपण दोघं मिळून आत जाऊ. नाही का? तुमच्या डोळ्यांत लगेच तसं आलं. मूर्ख आहात. दोन महिन्यांची नात आहे माझी, आणि तिचा बाप चौथ्या मजल्यावर यांच्याच हाताखाली बसतो. डॉक्टरांचं बिल कोण भरणार, तुम्ही? ती नर्स? तिचं ऐकलं असतं तर— जाऊ दे. ऐकलं नाही. घाम किती आला होता तिला.

काय? पट्टी?

कसली पट्टी? आवाज चढवू नका. या मुठीत कापूस आहे. बरं, पट्टी आहे. तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही सांगितलंत म्हणून तर डबा उलटा केला लेकीनं. माझी नात जगली तर तुमच्यामुळे जगेल, उपकार मानते मी तुमचे, अगदी मनापासून मानते. पण पट्टी नाही देत. ही आत दिसली की कुणी तुम्हाला आत सोडलं, कुणी तुमचे खिसे बघितले नाहीत, हे विचारायला ते आधी इथंच येतील. माझ्याकडे. हात सोडा. सोडा, नाहीतर ओरडेन, आणि मग काय दाखवतील ठाऊक आहे ना? बाईमाणसाच्या अंगावर धावून गेले. ... असं. शहाणे आहात.

आत जा आणि जे पाठ केलंय ते बोला. बहिणीचं सांगा, भाचीचं सांगा. पुरावा काय म्हणून विचारतील तेव्हा... तेव्हा काय ते तुम्हीच बघा. नाही, आता चेहऱ्याला हात लावायचा नाही, उत्तम झालाय. ते बोलावतायत. जा. आणि जाताना दार ओढून घ्या.