पाचवी पाकळी

...आणि वर म्हणतात, यात वाईट वाटून काय घ्यायचं! तुम्हाला सांगतो, सासऱ्यांना जावई पाच. चौघांना तोंडभरून 'जावईबापू', आणि मला? "अहो... हे... तुम्ही हो!" आमची मुलगी शाळेत जायला लागली, तरी मी आपला 'तुम्ही हो'! एकदा, फक्त एकदा त्या तोंडून जावईबापू ऐकायचं होतं. मागितलं काय होतं हो मी?

सासरे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त मास्तर. जेवणं झाली की सगळ्यांना रस्त्यावर काढणार, झाडाखाली उभं करणार, "ओळखा!" मागच्या खेपेला त्या लालभडक झाडाला मी जास्वंद म्हणालो, तर सगळं घर महिनाभर हसत होतं! म्हटलं, थांबा. या वेळी घोकूनच गेलो, आणि त्यांनी "ओळ..." म्हणायच्या आत सुटलोच की! "गुलमोहर! पान पिसासारखं, त्या पिसाला पुन्हा पिसं, शेंग चपटी, लांब, फूटपट्टीसारखी, आणि पाकळ्या पाच, चार लाल, सारख्या, पाचवी पांढरट, ठिपक्याठिपक्यांची!" धाप लागली हो मला!

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "वा!" म्हणाले. मला! वा! मी कान टवकारले, आता येतंय, जावई...

"म्हणजे चार सारख्या, देखण्या," चौघांकडे बघत, सावकाश, "आणि एक डागाळलेली. आमच्या घरासारखंच की!"

मोठे साडू तर गुडघे धरून हसले! बरं, ते परके. पण बायको? "बाबा, तुम्ही पण ना!" असं लाडात! मी चिकाटीनं म्हणालो, "पण ती पाचवी नसती तर..."

"तर किडे कुठे बसले असते?" सासऱ्यांनी माझं वाक्य पुरं केलं.

संपलं! मागितलं काय होतं हो मी? मग झाडाखाली फोटो. मी खिशातून कंगवा काढतोय, तोवर, "अहो, तुम्ही हो, तुम्ही काढा!" काढला. चारही जावई झकास आलेत, हलला नाही माझा हात... आता तो फोटो दिवाणखान्यात लावलाय, आल्यागेल्याला दाखवतात.

आणि आता सासऱ्यांचा फोन आला की विचारतात, "पाकळी आहे का घरी?" आणि ही, माझी बायको हो, म्हणते, "आहे ना, देते."

आणि मी उठतो. न उठून करतो काय? झाड मीच ओळखलं होतं ना!