डेअरीच्या आवारातले सहा डाग

हॅलो? … हॅलो, ग्लेनिस? … अगं मी, क्लाइव्ह. … उत्खननाच्या साइटवरूनच. चरात उभा आहे, म्हणून आवाज घुमतोय. नवा गुडघा काय म्हणतोय? … हो? नर्सला फार छळू नकोस बाई.

ऐक ना… चहा झाला? … नाही, उगाच विचारलं. … काही झालं नाही गं. … बरं, झालंय.

गेल्या साली मी तुला तो खोटा खड्डा करून दिला होता, आठवतो? … तोच, कॉफीचा चोथा भरलेला. रोमन खांबाचा खड्डा म्हणून तू त्याला नंबर दिलास, नकाशात काढलास, महापौरांना नेऊन दाखवलास… हो, हो, हलकट आहे मी, मान्य. तेव्हा तू म्हणालीस, 'क्लाइव्ह, एक दिवस तुझं असं नाक कापीन…' … तेच. आणि सोमवारी ऑपरेशनला जाताना डोळा मारून म्हणालीस, 'जुन्या डेअरीच्या कुंपणापाशी नीट बघ हं.' … मारलास! … कचरा? तुझ्या डोळ्यात कचरासुद्धा नेमका तेव्हाच जायचा होता?

तर बघितलं, मंगळवारी. सहा काळे डाग. गोल, एका रेषेत, दोन-दोन पावलांवर. … ओरडू नकोस, टाके ओढतील. … अगं ऐक ना! इतके देखणे, इतके सरळ. मला वाटलं, तूच करून ठेवलेत. उट्टं काढायला. मी मशीनवरच्या टेरन्सला म्हटलंसुद्धा, वास घेऊन बघ, बाईंनी कॉफी कुठली वापरलीय ते. आणि…

आणि कुदळ घातली. मग टेरन्सने वरून मशीन फिरवून तीन फूट खरवडलं.

… हो. सपाट. … नाही गं, मस्करी नाही करत. … हसू नकोस ना, पाया पडतो. … आईची शपथ. … बरं, आईची गेल्या वेळीही घेतली होती.

थांब, सहाव्याचं सांगतो. सहावा अर्धा चराच्या कडेत अडकून राहिलाय. आज सकाळी पाणी मारून साफ केला. काळी माती सरळ दोन फूट खाली जाते. तळाला खांबाची चौकोनी बैठक. आणि डोक्यावर दगडी घराची रोमन फरशी, अख्खी. इतक्या शतकांत कुणी हात लावलेला नाही. तिच्याखाली तू काय, मीसुद्धा कॉफी भरू शकत नाही.

… ग्लेनिस?

… हो. तुझीच घरं. दगडी घरांच्या आधीची, लाकडाची. … माहीत आहे. बावीस वर्षं तू सांगत आलीस आणि लंडनचे ते प्राध्यापक चहात बिस्किट बुडवत हसत आले.

फोटो? … एक आहे. तुला चिडवायला काढलेला. मी जीभ काढून उभा आहे. … आहेत, मागे डाग आहेत, पण माझं पोट मध्ये येतं. … दीड. दीड डाग दिसतो. … नाही, दुसरा नाही. मापंही नाहीत. खोट्याची मापं कोण घेतं?

… शाळेतल्या मुलांना तूच सांगतेस ना, लाकूड कुजून जातं, मातीत काळा डाग तेवढा राहतो. तेवढाच राहिला होता गं. तोही मी…

… उद्या सकाळी सातला बिल्डर इथे काँक्रीट ओततोय. … विचारलं. थांबता का म्हणून दोनदा विचारलं.

काय? … परत बोल.

… ग्लेनिस, तुला गोळ्या कसल्या दिल्यात? … हो, जागा सांगू शकतो, डोळे मिटून. … माती आहे ना, त्या ढिगाऱ्यातच आहे. … दोन तास. पाचही परत भरायला. असे करीन की तुझ्या प्राध्यापकांचा बापही ओळखणार नाही. … हो, खरंय, होतेच ते तिथे. तसं बघितलं तर खोटं काहीच नाही त्यात…

नाही.

… नाही गं. नाही करणार. … कळतंय मला. मला नाही तर कुणाला कळणार? … अगं, तीस वर्षं मी हे धंदे केले, कारण साइटवर तू होतीस. पकडणार, शिव्या घालणार, नकाशातून खोडणार. आता तूच खोट्याला नंबर द्यायला निघालीस, तर मला पकडणार कोण?

मी नोंदवहीत लिहितो. 'सहा पाहिले. पाच क्लाइव्ह पेनफोल्डने मस्करी समजून उखडले.' खाली सही. … हो, माझी. … माझ्या सहीवर कोण विश्वास ठेवतो, ते माहीत आहे मला. हसतील. हसू देत.

… रडतेस? … नको, बोलू नकोस. नुसती फोनवर थांब. सहाव्याची मापं घेतो, तू लिहून घे. कागद आहे जवळ? … रुंदी… एक फूट… दोन इंच. लिहिलंस? … ग्लेनिस? … लिहितेस ना?

… हॅलो?

… ठेवला.

टेरन्स, इकडे ये. टेपचं हे टोक धर जरा. … अरे, मस्करी नाही. … नाही रे बाबा, खरंच नाही. धर.