कूलिंग पॅड खरेदी समिती

सासरे: तर समितीचा निर्णय झाला. लॅपटॉपचं कूलिंग पॅड खरेदी झालं. विषय संपला.

सून: झालं? खरंच? बाबा, तुमच्या तोंडात साखर पडो! म्हणजे आता सकाळी एकदा बसलं की थेट जेवणापर्यंत सलग काम करता येईल. मध्ये उठायलाच नको.

सासरे: कसलं पॅड?

सून: अहो, आत्ता म्हणालात ना, खरेदी झालं?

सासरे: मी? मी म्हणालो, साबण संपला.

सून: समितीचा निर्णय झाला, साबण संपला?

सासरे: समितीच्या कक्षेत दोन्ही येतं.

सून: समितीत तुम्ही एकटेच आहात.

सासरे: म्हणून तर मतभेद विकोपाला जातात.

सून: अकरा आठवडे झाले, बाबा. अकरा! मी माझी माझी घेणार होते, एका दुपारचं काम. तुम्हीच म्हणालात, ‘सूनबाई, हे माझ्यावर सोड, खरेदी विभागात पस्तीस वर्षं हेडक्लार्क होतो.’

सासरे: होतोच. तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय साधी टाचणी घेतली नाही आम्ही.

सून: आणि टाचण्या आल्या तेव्हा?

सासरे: तेव्हा स्टेपलर निघाले होते. पण टाचण्या उत्तम होत्या.

सून: माझंही तेच होणार. पॅड येईपर्यंत हा लॅपटॉप भंगारात गेलेला असेल. एका गिऱ्हाइकाच्या नव्या स्वयंपाकघराचं चित्र पुरं तयार व्हायला पाऊण तास लागतो, आणि हा चाळीस मिनिटांत तापून डोळे मिटतो. परवा एका बाईंना त्यांचं स्वयंपाकघर बिनछताचं गेलं. छत शेवटच्या पाच मिनिटांत येतं.

सासरे: त्या काय म्हणाल्या?

सून: हवेशीर आहे म्हणाल्या. ते राहू द्या. तक्ता दाखवा.

सासरे: तक्ता गोपनीय आहे.

सून: बाबा.

सासरे: हा घे. चष्मा लावून वाच, बारीक लिहिलंय.

सून: ‘क्रमांक एक. पाच पंखे. शेरा: एका लॅपटॉपला पाच पंखे. आमच्या कार्यालयात बेचाळीस माणसांना तीन होते, पैकी एक फिरत असे. अमान्य.’ हा शेरा आहे की गाऱ्हाणं?

सासरे: वाच पुढे.

सून: ‘क्रमांक दोन. निळे दिवे लागतात. शेरा: लॅपटॉप आजारी आहे, त्याची वरात काढायची नाही. अमान्य. क्रमांक तीन. पंखाच नाही, नुसती उतरती पाटी. शेरा: घसरगुंडी.’ बरं. ‘क्रमांक चार. एका ग्राहक बाईंची तक्रार, की माझ्या नवऱ्याच्या घोरण्याइतका आवाज येतो. दोष पंख्याचा की नवऱ्याचा, हे स्पष्ट होत नाही. खुलासा मागवला आहे.’ कोणाकडून मागवलात?

सासरे: त्याच बाईंकडून. खाली उत्तर द्यायची सोय असते.

सून: आलं उत्तर?

सासरे: दुसऱ्या दिवशी. नवरा निर्दोष आहे. पंखाच घोरतो.

सून: आणि हे क्रमांक पाच? ‘पंधरा पूर्णांक सहा दशांश इंचांचं म्हणतात. मी स्वतः मोजलं, आपला लॅपटॉप आडवा साडेचौदा भरतो. फसवणूक.’ बाबा, ते माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरकं धरतात.

सासरे: का? सरळ मोजायला लाज वाटते?

सून: आणि सहा? सहाला शेराच नाही. नुसतं ‘योग्य’ लिहून खोडलंय. परत लिहिलंय. परत खोडलंय.

सासरे: शाई सांडली होती.

सून: बॉलपेनाची?

सासरे: चहा टाकू का?

सून: मघाशी जिन्यात पार्सलवाला भेटला.

सासरे: उद्धट माणूस.

सून: म्हणाला, ‘वहिनी, काकांना सांगा, ते दोनदा परत नेलं, आता तिसऱ्यांदा नेणार नाही.’ काय परत नेलं, बाबा?

सासरे: पहिल्या वेळी खोक्याला पोचा होता.

सून: आणि दुसऱ्या वेळी?

सासरे: पोचा नव्हता. मला ते जास्त संशयास्पद वाटलं.

सून: म्हणजे दोनदा पॅड या दारापर्यंत आलं आणि तुम्ही दारातूनच वाटेला लावलंत? मी आत, हात भाजेपर्यंत त्या लॅपटॉपशी झुंजत होते तेव्हा?

सासरे: एकदा तू आंघोळीला गेली होतीस.

सून: मला हसू येत नाहीये. आज ऑफिसातून मॅडमचा फोन होता. मीटिंगमध्ये मी तीनदा गायब झाले. त्या म्हणाल्या, सोमवारपासून इथेच येऊन बसा, इथे मोठा कॉम्प्युटर आहे. मी कशीबशी आजची मुदत मागून घेतलीय. संध्याकाळपर्यंत एक आख्खं स्वयंपाकघर, छतासकट, न थांबता तयार करून पाठवायचं. जमलं तर घरून काम. नाही तर ऑफिस.

सासरे: ऑफिसला किती वाजता निघावं लागेल?

सून: आठला.

सासरे: आणि परत?

सून: सात धरा.

सासरे: मधली सुट्टी असेल ना?

सून: असते. पण तिथेच असते, बाबा.

सासरे: हं.

सून: काय झालं?

सासरे: माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात स्वेटर आहेत. त्यांच्या खाली बघ.

सून: काय आहे?

सासरे: क्रमांक सहा.

सून: कधी आलं?

सासरे: सकाळी. तुला सांगितलं की मी, खरेदी झालं म्हणून. तू ‘मध्ये उठायलाच नको’ म्हणालीस आणि मग साबण संपला.

सून: थांबा. थांबा जरा. लॅपटॉप बंद पडला की मी तो खिडकीत गार व्हायला ठेवते. आणि वीस मिनिटं तुमच्यासमोर पट मांडून बसते.

सासरे: कधी बावीस.

सून: बाबा, हा सगळा खटाटोप सापशिडीसाठी?

सासरे: सापशिडीत काय आहे? फासा टाकायचा, वर जायचं, खाली यायचं. नोकरीत पस्तीस वर्षं तेच केलं.

सून: मग?

सासरे: तुझा नवरा माझा मुलगाच आहे, गुणाचा आहे. पण दिवसाकाठी माझ्याशी दोन वाक्यं बोलतो. ‘जेवलात का?’ आणि ‘किल्ली कुठंय?’ दोन्हींची उत्तरं त्याला माहीत असतात. तू परवा पाच पडले असताना सोंगटी सहा घरं सरकवलीस. मी धरलं, तर म्हणालीस, ‘तुमचे डोळे गेलेत, बाबा, उगाच आळ घेऊ नका.’

सून: तेव्हा पाचच पडले होते. मला माहीत होतं.

सासरे: मलाही. पण इतकं हक्कानं खोटं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं कैक वर्षांत.

सून: अहो, मग असं सांगायचं ना सरळ! पॅड लावलं तरी मी मधून मधून उठेनच की.

सासरे: नाही उठणार. काम रंगात आलं की माणूस उठत नाही. मी एकदा एका तक्त्यात इतका रमलो की शिपाई बाहेरून कुलूप लावून गेला.

सून: अरे देवा! मग?

सासरे: मग काय? दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर होतो. चल, खोकं फोड. त्याची वायर उजवीकडे जोडायची, मी माहितीपत्रक चारदा वाचलंय. आणि आधी खालचा तो टेबलक्लॉथ काढ, हवेला वाट हवी.

सून: रुसलात?

सासरे: समिती रुसत नसते. बरखास्त होते.

(पॅड लागतं. पंखा बारीक आवाजात फिरू लागतो. अडीच तास जातात.)

सून: बाबा! झालं! छतासकट! ओट्यावरच्या दिव्याची सावलीसुद्धा आली. पाठवलं आणि मॅडमचं उत्तरही आलं, घरून करा म्हणाल्या. किती वाजले?

सासरे: सव्वाचार.

सून: सव्वाचार? अहो, मग हाक मारायचीत एक.

सासरे: दोनदा आलो होतो दारापर्यंत. भिंतींचा रंग निवडत होतीस. चेहरा चांगला दिसत होता.

सून: तुम्ही काय केलंत एवढा वेळ?

सासरे: एक अर्ज लिहिला.

सून: कोणाला?

सासरे: पॅडच्या कंपनीला. पत्ता खोक्यावर आहे.

सून: वाचा बघू.

सासरे: ‘प्रति, व्यवस्थापक, तक्रार निवारण कक्ष. विषय: पंखा बंद न पडण्याबाबत. महोदय, आपल्या उत्पादनात कोणताही दोष आढळून आलेला नाही, ही गोष्ट खेदानं नमूद करावीशी वाटते. तरी सदर पंखा दर तासाला किमान वीस मिनिटं आपोआप बंद पडेल अशी तजवीज आपल्या स्तरावर व्हावी, आणि ती होईपर्यंत आपला एक जबाबदार प्रतिनिधी रोज दुपारी आमच्या घरी पाठवावा, ही विनंती. प्रतिनिधीस खेळ येण्याची अट नाही. भेटीची वेळ आगाऊ कळवण्याची गरज नाही, अर्जदार दिवसभर घरीच असतो.’